२५ वॅटचं आयर्न, उखडलेले पॅड आणि १२ हजारांचं बजेट

तुझा प्रश्न मला कळला तो असा. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण केलास आणि तासगावच्या पुढं तुझ्या गावात दुरुस्तीचं दुकान टाकतोयस. हाताशी २५ वॅटचं साधं, दोन पिनी आयर्न आहे. त्यानं टीव्हीच्या नि इन्व्हर्टरच्या बोर्डावर काम करताना पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडतात, कधी ट्रॅकच, म्हणजे तांब्याची रेघच, पट्टीसारखा वर येतो. अवजारांसाठी १२ हजार रुपये बाजूला काढलेत. आता आयर्न, हॉट एअर (गरम हवेनं सोल्डर वितळवणारं यंत्र) आणि पॉवर सप्लाय एकाच डब्यात असलेलं थ्री-इन-वन स्टेशन घ्यावं, की पॅड जळू नयेत म्हणून अजून कमी वॅटचं, सुईसारख्या टोकाचं आयर्न घ्यावं, हे तुला ठरवायचं आहे. काका म्हणून विचारलंस, तेव्हा एकेरीतच बोलतो. सांगलीत हे काम करायला लागून मला २६ वर्षं झाली. आधी रेडिओ-टेप, मग पिक्चर ट्यूबचे टीव्ही, आता एलईडी टीव्ही, इन्व्हर्टर, इंडक्शन, वॉशिंग मशीनचे बोर्ड आणि शेतीपंपांचे ऑटो स्टार्टर. त्या अनुभवातून लिहितोय.

दोन्ही पर्याय सोड. त्यातही दुसरा जास्त घातक आहे. कमी वॅटचं, बारीक टोकाचं आयर्न घेतलंस तर पॅड आत्तापेक्षा जास्त उखडतील. ऐकायला उलटं वाटतं, मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. म्हणून आधी पॅड का उखडतो तेवढं समजून घे.

बोर्डावरचं तांबं म्हणजे चिकटवलेला पातळ पत्रा. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, स्टार्टर यांचे तपकिरी बोर्ड कागद आणि फिनॉलिक रेझिन दाबून केलेले असतात. हिरवे बोर्ड काचेच्या धाग्यांचे आणि इपॉक्सीचे, त्यांना एफआर-४ म्हणतात. तपकिरी बोर्डावरची तांब्याची पकड हिरव्यापेक्षा बरीच कमजोर असते. ही पकड किती तापमान लागलं यानं ढिली होते, तशीच किती वेळ लागलं यानंही होते. चांगल्या तापलेल्या बिटनं, म्हणजे आयर्नच्या टोकानं, दोन-तीन सेकंदांत डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटला तर पॅडला काही होत नाही. बारीक टोकाचं आयर्न मात्र जाड डागाला लावलं की टोकातली उष्णता लगेच संपते आणि हीटरकडून नवी यायला वेळ लागतो. सोल्डर वरून पातळ होतं, तळाशी घट्टच राहतं. आपण दहा-पंधरा सेकंद दाबून धरतो, कंपोनंट हलवून बघतो, ओढतो. तेवढ्या वेळात खालची पकड सुटलेली असते, आणि पॅड पायाला चिकटून वर येतो. दोष जास्त उष्णतेचा वाटतो. खरं तर उष्णता कमी पडते म्हणून वेळ जातो.

घरी भाकरी करताना बघितलं असशील. पत्र्याच्या पातळ तव्यावर पहिली भाकरी टाकली की तवा थंड पडतो, भाकरी वाळते पण भाजत नाही. जाड तवा, खाली चांगला जाळ, की भाकरी पटकन सुटते. बिटच्या धातूचं वजन म्हणजे तव्याची जाडी, आणि हीटर म्हणजे जाळ. स्टेशन विकत घेताना डिस्प्लेवरच्या आकड्याकडे सगळे बघतात, पण तो आकडा सेन्सरपाशी किती तापमान आहे तेवढंच सांगतो. डागाला टेकल्यावर टोक किती खाली घसरलं आणि किती लवकर परत वर आलं, हे तो दाखवत नाही. तू पैसे मोजणार आहेस ते या परत वर येण्यासाठी.

तुझ्या गावासाठी यात एक गोष्ट आणखी धरावी लागेल, ती म्हणजे व्होल्टेज. पंप चालू झाले की लाइन खाली येते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साध्या आयर्नचा हीटर म्हणजे नुसता रेझिस्टन्स, आणि त्याचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतात. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर १८० भागिले २३० याचा वर्ग सुमारे ०.६१ येतो. म्हणजे तुझं २५ वॅटचं आयर्न त्या वेळी १५ वॅटचं झालेलं असतं. सकाळी सुटलेला डाग संध्याकाळी का सुटत नाही, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या स्टेशनचाही जोर याच हिशेबानं घटतो, फक्त तापमानाचं नियंत्रण असल्यामुळं ते जाणवत नाही. एसएमपीएसवर, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायवर चालणारं, १०० ते २४० व्होल्ट घेणारं स्टेशन असलं तर ही अडचणच राहत नाही. तुझ्या जागी मी पहिल्यांदा हेच बघेन.

आता यंत्रांविषयी. बाजारात तुला प्रामुख्यानं तीन जाती दिसतील.

पहिली ९३६ जातीची स्टेशनं. मूळ ९३६ जपानच्या हाक्कोचं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण त्याच घडणीची यंत्रं आजही अनेक नावांनी मिळतात. यात सिरॅमिक हीटरची एक कांडी असते आणि ९००एम जातीचं पोकळ बिट तिच्यावर टोपीसारखं बसतं. कांडी आणि बिट यांच्यात थोडी हवा राहतेच, आणि हवा उष्णता नीट नेत नाही. तरीही २५ वॅटच्या आयर्नवरून याच्यावर आलास तर जमीन-अस्मानाचा फरक वाटेल. बिट स्वस्त, हीटर बदलता येतो. फक्त सोल्डर झटकायला हँडल टेबलावर आपटायची सवय असेल तर ती आधी मोड, सिरॅमिक कांडी तडकते.

दुसरी टी१२ जात, हीही हाक्कोचीच घडण. इथं हीटर आणि सेन्सर दोन्ही बिटच्या पोटात असतात, चूल तव्याच्या आतच म्हण. बिट आणि हीटर एकच कांडी, ती हँडलमध्ये सरकवायची. रेझिस्टन्स साधारण ८ ओहम, म्हणजे २४ व्होल्टवर सुमारे ७० वॅट थेट टोकामागं मिळतात. थंड बिट अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतं. दुकानात दिवसातून पन्नास वेळा आयर्न उचलायचं असतं, तेव्हा याचा फरक कळतो, कारण ते सतत तापत ठेवावं लागत नाही आणि बिटचं आयुष्य वाढतं.

तिसरी जात स्पेनच्या जेबीसीच्या सी२४५ आणि सी२१० काडतुसांची, म्हणजे हीटर पोटात असलेल्या बिटांची, आणि त्यावर चालणाऱ्या इतरांच्या स्टेशनांची. काम अप्रतिम. माझ्या टेबलावर आता सी२४५ आहे आणि जाड तांब्याच्या बोर्डांना मी तेच लावतो. पण काडतुसं महाग आहेत, आणि सुरुवातीला हातून एक-दोन बिटं खराब होणारच. सी२१० बारीक कामासाठी, मुख्यतः मोबाईलवाल्यांसाठी आहे. तुझ्या कामात ती मागं टाकता येईल.

तू टी१२ घे. बजेटच्या निम्म्याच्या आसपास चांगल्या हँडलसकट ते बसावं. घेताना तीन गोष्टी तपास: इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे का, प्लग तीन पिनांचा आहे का, आणि हँडल खाली ठेवल्यावर ते आपोआप झोपतं का, म्हणजे तापमान उतरवतं का. शोरूममधल्या दिव्यांपेक्षा आणि बटणांपेक्षा या तीन गोष्टींनी दुकान चालतं.

यूएसबी-सीवर किंवा डीसी जॅकवर चालणारी पेनासारखी छोटी आयर्नंही तुला कोणी सुचवेल. टीएस१०० किंवा पाइनसिल ही त्यातली नावं. शेतावर जाऊन स्टार्टर पॅनेल दुरुस्त करायचं असेल तेव्हा ती फार उपयोगी पडतात, बॅटरीवरही चालतात. मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर टीएस१०० पासून १७-१८ वॅटच मिळतात, २४ व्होल्टवर ६५ च्या घरात जातात. म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून जाड डाग काढायचा प्रयत्न केलास तर पुन्हा पहिल्याच जागी येशील. दुसरं आयर्न म्हणून पुढं कधीतरी घे.

बिट कुठलं, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस, आणि माझ्या मते तो स्टेशनपेक्षा मोठा आहे. नवीन यंत्राबरोबर बहुधा सुईसारखं टोकदार बिट येतं. ते काढून डब्यात ठेव. शंकूच्या टोकाचा स्पर्श एका ठिपक्याएवढा, आणि उष्णता स्पर्शाच्या जागेतूनच जाते. सपाट छिन्नीसारखं २.४ मिमीचं डी२४ हे तुझं रोजचं बिट. त्याची सपाट बाजू पाय आणि पॅड दोन्हींना एकाच वेळी टेकते. दुसरं तिरपं कापलेलं बीसी२ किंवा सुरीसारखं के. एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवलेल्या, आयसीच्या पायांच्या ओळीवरून सोल्डर ओढत न्यायला हे लागतं. बारीक पायासाठी बारीक बिट हवं हा समज सोड. पॅडपेक्षा थोडं लहान, पण त्याच्याशी भरपूर टेकणारं बिट हवं. टी१२ च्या नकली बिटांनी बाजार भरलाय. काही बरी चालतात, काहींचं प्लेटिंग महिन्यात जातं. रोजचं डी२४ तेवढं मूळ कंपनीचं, खात्रीच्या विक्रेत्याकडून घे. किंमत बघून हात आखडेल, तरी घे.

आणि बिटला कानस लावू नकोस. आमचे वस्ताद तांब्याचं बिट रोज सकाळी कानशीनं घासून, राळेत बुडवून, कथील चढवून मगच कामाला बसायचे. त्या बिटला तेच योग्य होतं, नुसतं तांबंच होतं ते. मी पहिलं प्लेटिंगचं बिट घेतलं तेव्हा जरा काळं पडलेलं बघून तसंच घासलं. आठवड्याभरात टोकाला भोक पडलं. आताच्या बिटात आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ थर असतो. तो थर गेला की वितळलेलं कथील आतलं तांबं खाऊन टाकतं. मिरजेत सतारीची जवारी लावणारे कारागीर घोडीवर कानस किती जपून फिरवतात ते मी जवळून बघितलंय, पण तिथं कानस काम करते आणि इथं नुकसान. बिट काळं पडलं तर तापमान ३०० अंशांच्या आसपास आण, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) आणि ताजं सोल्डर लावून पितळी जाळीत फिरव, पुन्हा लाव, पुन्हा फिरव. दोन-चार वेळात चकाकी येते. ओला स्पंज वापरायचा असेल तर तुमच्याकडचं बोअरचं पाणी त्याला घालू नकोस, क्षार बिटवर बसतात. आरओचं घाल. मी स्पंज सोडून पितळी जाळीवर आलो त्याला बरीच वर्षं झाली. रात्री बंद करताना टोकावर सोल्डरचा जाडसा थेंब तसाच राहू दे, सकाळी पुसायचा.

तापमानाचं थोडक्यात. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, शिसं नसलेल्या, म्हणजे लेड-फ्रीला ३५० ते ३८०. डाग सुटेना म्हणून ४५० लावायचा मोह होईल. तेव्हा बिट मोठं कर किंवा बोर्ड खालून गरम कर, आकडा वाढवू नकोस.

आता अर्थिंग. दोन पिनांच्या आयर्नच्या टोकावर मल्टिमीटर लावून बघ. एक प्रोब टोकाला, दुसरी खऱ्या अर्थला, एसी व्होल्टवर. कित्येक आयर्नना पन्नास-साठ व्होल्टच्या वरही दिसतात. करंट नगण्य असतो, हाताला मुंग्याही येत नाहीत, पण मॉसफेटच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला तेवढंही चालत नाही. इन्व्हर्टरमधले नेहमीचे मॉसफेट गेटवर २० व्होल्टपर्यंतच सहन करतात. सुरुवातीच्या काळात मी एका इन्व्हर्टरला लागोपाठ तीन वेळा नवे मॉसफेट घातले आणि तीनही वेळा चालू करताच उडाले. ड्राइव्हर आयसी बदलला, ट्रान्सफॉर्मर तपासला. शेवटी वस्तादांनी आयर्नचा प्लग काढून, गरम टोकावरच सोल्डर करायला लावलं. चौथा संच टिकला. तीन वेळा गिऱ्हाइकाला परत पाठवल्याचं दुःख अजून आहे.

म्हणून तीन पिनांचं स्टेशन, आणि दुकानात खरी अर्थिंग. प्लगला तिसरी पिन असली म्हणून अर्थ असतोच असं नाही. बऱ्याच गावांत सॉकेटच्या वरच्या भोकात वायरच नसते. वायरमन बोलावून अर्थचा खड्डा आणि वायर तपासून घे. मग स्टेशन बंद असताना ओहमवर मीटर लावून बिटचं टोक आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात मोज. प्रोबच्या वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून २ ओहमच्या आत यायला हवं. हँडलमधली अर्थची वायर तुटलेली असते ती इथं सापडते.

अर्थ केलेलं बिट घेतलंस की चालू बोर्डाला आयर्न लावायचं नाही, अगदी क्षणभरही नाही. एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूचा निगेटिव्ह म्हणजे तुझी अर्थ नव्हे, तो ब्रिजमधून थेट लाइनशी जोडलेला असतो. अर्थचं टोक तिथं लागलं की सरळ शॉर्ट. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत शिल्लक असू शकतात. आधी मोज, रेझिस्टन्स लावून उतरव, परत मोज, मग आयर्न उचल.

सोल्डर आणि फ्लक्स यांवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण नवी मुलं तिथंच पैसे वाचवतात.

सोल्डर वायर ६३/३७ घे. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. हे मिश्रण नेमक्या १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला एकदम गोठतं. ६०/४० चालतं, पण ते १८३ ते १९० या पट्ट्यात अर्धवट पातळ राहतं, आणि तेवढ्यात पाय हलला तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होतो. जाडी २२ गेज, म्हणजे ०.७ मिमी, रोजच्या कामाला. मोठ्या डागांसाठी १८ गेजची एक लहान रीळ. कथील शिशापेक्षा फार महाग असतं, त्यामुळं स्वस्त रिळेत काटछाट कथलाचीच होते. वर ६०/४० छापलेलं आणि आत बरंच कमी. असं सोल्डर उशिरा वितळतं, गोठताना दाणेदार, राखाडी दिसतं. चांगलं ६३/३७ गोठताना एका क्षणात चमकून स्थिर होतं. नवी रीळ फोडली की पहिला डाग कोऱ्या तांब्यावर मारून बघायची मला सवय आहे.

आत्ताच्या टीव्ही बोर्डांवर बहुतेक लेड-फ्री असतं. १ जुलै २००६ पासून युरोपनं शिशावर बंधन आणलं आणि हळूहळू जगभरचे कारखाने तिकडं वळले. नेहमीचं लेड-फ्री म्हणजे कथलात ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं. तुझे टीव्हीवरचे पॅड उखडण्यात याचाही हात आहे. उपाय सोपा आहे. काढायच्या डागावर आधी फ्लक्स आणि वरून थोडं ६३/३७ वितळव, दोन्ही मिसळू दे. मिश्रणाचं वितळणं खाली येतं आणि डाग लवकर सुटतो. मग जुनं सगळं विकनं (तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं) टिपून घे आणि नव्यानं भर. आधी सोल्डर घालायचं आणि मग काढायचं, हे बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, पण काम याच क्रमानं होतं.

फ्लक्स. पिवळी डबी, आत ग्रीससारखी पेस्ट, ती बोर्डावर लावू नकोस. त्यांतल्या काही डब्यांत झिंक क्लोराईड असतं. पत्र्याला, तांब्याच्या नळीला ते ठीक आहे. बोर्डावर राहिलं तर दमट हवेत ट्रॅक हिरवे पडतात. राळेवर आधारलेला फ्लक्स घे, सिरिंजमधला किंवा पातळ बाटलीतला. नावाजलेल्या फ्लक्सच्या सिरिंजच्या नकलाही खूप आहेत, लेबल हुबेहूब असतं. मी नव्या फ्लक्सचा ठिपका भंगार बोर्डाच्या उघड्या तांब्यावर ठेवतो, आयर्ननं गरम करतो आणि आठवडाभर खिडकीत सोडून देतो. तांबं हिरवं झालं तर सिरिंज कचऱ्यात.

फ्लक्सची किंमत मला खऱ्या अर्थानं ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, मारुती चौकापासून कितीतरी भाग बुडाला, आणि पाणी उतरल्यावर महिनाभर दुकानात फक्त चिखलाचे बोर्ड आले. लोकांची घरं गेली होती. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर यांतलं एखादं जरी चालू झालं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बोर्ड आधी साध्या पाण्यानं, मग आरओच्या पाण्यानं ब्रशनं धुतले, उन्हात आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवले, शेवटी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसले. तरी डाग काळे पडलेले, आणि सोल्डर त्यांच्यावर पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळायचं. आयर्न तेच, सोल्डर तेच. फायबर ब्रशनं डाग खरवडून, चांगला राळेचा फ्लक्स भरपूर लावला तेव्हा सोल्डर धरायला लागलं. फ्लक्स ऑक्साइड काढतो, आणि ऑक्साइड निघाल्याशिवाय कुठलंच स्टेशन डाग मारू शकत नाही. त्या महिन्यात माझ्या फ्लक्सचा खर्च वर्षभराच्या फ्लक्सएवढा झाला होता. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मी आधीच साठा करून ठेवला होता.

सोल्डर काढायला हातपंप, आपला नेहमीचा सकर, पुरे. त्याच्या नोझलवर सिलिकॉन ट्यूबचा अर्धा सेंटीमीटर तुकडा चढव, तो पॅडवर घट्ट बसतो आणि ओढ दुप्पट वाटते. विक २ आणि ३ मिमीची घे, लावण्यापूर्वी तिच्यावर फ्लक्सचा हात फिरव, आणि विक पॅडवर घासू नकोस, घासल्यानंही पॅड जातो. तापणारी सकर गन खूप सुखाची आहे, पण तिची नोझल रोज साफ करावी लागते. वर्षभरानं काम वाढल्यावर बघ.

हॉट एअर तुला लागेल, फक्त पहिल्या महिन्यात नाही. एसएमडी आयसी, पोटाखाली पॅड असलेले चिप, हे त्याच्याशिवाय निघत नाहीत. घेशील तेव्हा वेगळं मशीन घे. थ्री-इन-वनला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे की त्यातलं आयर्न बहुधा ९३६ जातीचं, पॉवर सप्लाय कामचलाऊ, आणि एक भाग बिघडला की तिन्ही अवजारं एकदम टेबलावरून जातात. तुझ्या गावातून ते दुरुस्तीला पाठवायचं म्हणजे आठवडा दुकान बंद. शिवाय मोठी हॉट एअर मशीनं ७०० ते १००० वॅट ओढतात, दुकानाच्या छोट्या इन्व्हर्टरवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. आयर्न वेगळं असलं तर लाइट गेल्यावरही निम्मं काम चालू राहतं.

मी एकदा घाईत घेतलेलं एक स्वस्त हॉट एअर मशीन चालवण्याआधी उघडलं होतं. आत स्विच न्यूट्रलच्या वायरवर, आणि अर्थची वायर बॉडीला जोडलेलीच नाही. म्हणजे बटण बंद असतानाही आत फेज जिवंत. नवं मशीन, कुठल्याही नावाचं असो, प्लग काढून झाकण खोल आणि या दोन वायरी बघ.

एक काम मात्र असं आहे की ते आयर्ननंही नीट होत नाही आणि नुसत्या हॉट एअरनंही नाही, आणि तेच तुझ्याकडं सगळ्यात जास्त येईल: एलईडी टीव्हीच्या बॅकलाइट पट्ट्या. त्यांतल्या बऱ्याच अॅल्युमिनियमच्या असतात, आणि अॅल्युमिनियम उष्णता पसरवून देतं. वरून कितीही मोठं बिट लाव, एलईडीची लेन्स आणि प्लास्टिक आधी वितळतं. पट्टी खालून तापवावी लागते. छोटी हॉट प्लेट हजार-दीड हजारांत मिळते. एलईडी जिथं आहे तेवढाच भाग तिच्यावर ठेवायचा, सोल्डर चमकलं की चिमट्यानं जुना उचलायचा, दिशा बघून नवा ठेवायचा, आणि पट्टी सरळ बाजूला काढायची. माझ्या ओळखीतले काही जण उलट्या इस्त्रीवर हे करतात. होतं, पण तापमान हातात राहत नाही आणि पट्टीवरचा पांढरा रंग पिवळा पडतो. हॉट एअरच्या आधी हॉट प्लेट घे, गावातल्या दुकानाला तिचे पैसे लवकर सुटतील.

तर १२ हजारांतले निम्म्याच्या आत-बाहेर स्टेशन आणि मूळ कंपनीचं एक डी२४. दोन-अडीच हजार सोल्डर, फ्लक्स, विक, सकर, आयपीए, पितळी जाळी यांना. हॉट प्लेट. दीड हजार अर्थिंगला. उरलेले हॉट एअरसाठी राहू देत. तुझं २५ वॅटचं आयर्न टाकू नकोस, वायरी जोडायला आणि प्लास्टिकच्या कामाला ते लागतं, म्हणजे चांगलं बिट त्यात खराब होत नाही.

धुराबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. या तापमानाला शिसं वाफ होऊन उडत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा, आणि रोज नाकात गेला तर दमा लागतो. वस्तादांचा शेवटच्या काळातला खोकला मी ऐकलाय. संगणकातला एक जुना पंखा १२ व्होल्टवर लावून धूर तोंडापासून बाजूला ओढून घे, खिडकीकडं सोड. शिसं पोटात जातं ते हातावरून. चहा-बिस्किटाआधी साबणानं हात धू, आणि टेबलावर डबा उघडू नकोस.

स्टेशन आल्यावर गिऱ्हाइकाचा बोर्ड पहिल्या दिवशी हातात घेऊ नकोस. सांगलीत आलास की भंगारवाल्याकडून चार-पाच बोर्ड ने, दोन तपकिरी, दोन-तीन हिरवे. त्यांतला सगळ्यात जाड ग्राउंडचा पाय शोध, फ्लक्स आणि थोडं ६३/३७ लावून तो काढ. तपकिरी बोर्डावर तीन सेकंदांत आणि हिरव्यावर पाचांत सुटायला हवा. असे पन्नास पाय काढ. जो पॅड उखडेल त्याच्या खाली बोर्ड नीट बघ. तिथं बोर्ड करपलेला, पांढरट किंवा फुगलेला असला तर उष्णता जास्त वेळ लागली, तेव्हा बिट मोठं कर. बोर्ड स्वच्छ असला तर सोल्डर तळापर्यंत वितळायच्या आधी तू ओढलंस, तिथं दोष हाताचा आहे, यंत्राचा नाही. दोन्ही प्रकारचे फोटो काढून ठेव आणि मला पाठव, बघून सांगतो.